कोटिंग केलेली गाडी आणि बोअरचं पाणी

सिरॅमिक कोटिंग केलेल्या गाडीचं नुकसान रस्त्यापेक्षा पार्किंगमध्ये जास्त होतं. पहाटे एक बादली पाणी आणि एक फडकं एवढ्यावर सोसायटीतल्या पंधरा-वीस गाड्या पुसल्या जातात, आणि ते पाणी बहुतेक ठिकाणी बोअरचं किंवा टँकरचं असतं. पाणी आणि फडकं ताब्यात आलं की उरलेली देखभाल सोपी आहे. शॅम्पू कुठल्या कंपनीचा यावर लोक तासभर वाद घालतात. तो प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी यायला हवा.

आधी कोटिंग काय करतं आणि काय करत नाही ते बघू. सिलिकाचा हा थर वाळल्यावर जेमतेम एक-दोन मायक्रॉन जाड असतो. त्याखाली रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. विकताना '९एच' हा आकडा फार जोरात सांगतात. ते पेन्सिलीच्या कडकपणाचं माप आहे. चढत्या कडकपणाच्या पेन्सिली थरावर ओढत जायचं, आणि ९एच पेन्सिलीनेही ओरखडा उठला नाही तर थर ९एच. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत वाळूचे कण असतात, क्रशरवरची काळ्या दगडाची भुकटी असते. ती पेन्सिलीच्या शिशाहून कितीतरी कठीण. त्यामुळे धूळ बसलेल्या कोरड्या गाडीवर फडकं फिरवलं की चरे पडणारच, कोटिंग असो वा नसो. कोटिंगमुळे घाण घट्ट धरून बसत नाही, पाणी घरंगळतं, आणि ऊन किंवा पक्ष्यांची विष्ठा यांचा पहिला मारा क्लिअर कोटऐवजी या थरावर होतो. दगड उडून टवका गेला तर कोटिंग काहीही करू शकत नाही.

कोटिंग लावल्यानंतर पहिले २४ तास गाडीला पाणी लागू द्यायचं नाही आणि पहिले ७ दिवस शॅम्पू लावायचा नाही. तेवढ्यात पाऊस आलाच तर थेंब पुसायचे नाहीत; मऊ मायक्रोफायबर वरून टेकवून टिपायचे. पावसाळ्यात काम करून घेत असाल तर गाडी एक रात्र कोटिंग करणाऱ्या स्टुडिओतच ठेवायला सांगा.

आता पाणी. कोटिंगवर थेंब गोल, टपोरे उभे राहतात. मालकाला ते बघून आनंद होतो, पण बोअरच्या पाण्याच्या बाबतीत तीच अडचण आहे. साध्या रंगावर पाणी पसरून वाळतं, त्यातले क्षार पातळ पसरतात. कोटिंगवर थेंब एकाच जागी आक्रसत वाळतो आणि त्यातलं सगळं कॅल्शियम, मॅग्नेशियम एका बारीक वर्तुळात साचतं. हिशोब करून बघा. पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) ६०० असेल तर लिटरमागे ६०० मिलिग्रॅम विरघळलेले पदार्थ आले. धुतल्यावर गाडीवर अर्धा लिटर पाणी उरलं आणि उन्हात वाळलं तर ३०० मिलिग्रॅम पांढरी भुकटी ठिपक्याठिपक्यांनी रंगावर बसली. काळ्या गाडीवर ती दहा फुटांवरून दिसते.

म्हणून टीडीएस मीटर घ्या. दोन-तीनशे रुपयांत चालण्यासारखा मिळतो. नळाचं, बोअरचं, टँकरचं पाणी वेगवेगळं मोजा. आमचा ढोबळ नियम असा: १५० च्या आत असेल तर कसंही धुवा, १५० ते ३०० असेल तर वाळू न देता पुसा, त्याच्या वर असेल तर शेवटची धार वेगळ्या पाण्याची हवी. एक खुबी मात्र लक्षात ठेवायची. सोसायटीत वॉटर सॉफ्टनर बसवलेला असेल तर मीटरवरचा आकडा जवळपास तेवढाच दिसतो, कारण सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, क्षार कमी करत नाही. पण सोडियमचे डाग ओल्या फडक्याने निघतात, चुन्याचे निघत नाहीत. नळाच्या तोटीवर पांढरं कीट धरतंय का आणि साबणाला फेस येतोय का, हे मीटरइतकंच उपयोगी आहे.

घरच्या आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून त्यानेच गाडी धुण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. पाणी वाचवण्याचा हेतू चांगला, पण कोटिंगसाठी याहून वाईट पाणी शोधून सापडणार नाही. फिल्टरने जे क्षार तुमच्या ग्लासात येऊ दिले नाहीत ते सगळे त्या पाण्यात गेलेले असतात. आत जाणारं पाणी ६०० असेल तर बाहेर टाकलेलं ८०० च्या आसपास किंवा वर भरतं. ते चाकांना आणि पार्किंगची फरशी धुवायला वापरा, रंगावर नको.

उलट एसीच्या नळीतून टपकणारं पाणी हे हवेतल्या बाष्पाचं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. उन्हाळ्यात, त्यातही मुंबई-कोकणच्या दमट हवेत, एका रात्रीत काही लिटर सहज जमतं. स्वच्छ कॅनमध्ये धरा, कपड्यातून गाळा. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी, पहिले एक-दोन जोरदार पाऊस सोडून, तितकंच चांगलं. शेवटच्या धारेला ४-५ लिटर पुरतं.

धुण्याची वेळ सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. बोनेटला हाताची मागची बाजू लावा. कोमट लागलं तरी थांबा. पुढची बाजू शेवटी थंड होते, गाडी नुकती आली असेल तर अर्धा तास द्यावा लागतो.

दोन बादल्या, प्रत्येकी १५ ते २० लिटरच्या. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. दोन्हींच्या तळाशी जाळी, म्हणजे खाली बसलेली वाळू धुण्याच्या ग्लव्हला पुन्हा लागत नाही. शॅम्पू पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा, १० लिटरला २० ते ४० मिली. बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. जास्त ओतून जास्त स्वच्छ होत नाही, फक्त धुवायला जास्त पाणी लागतं. 'वॅक्स' किंवा 'ग्लॉस' असलेला शॅम्पू टाळतो, कारण त्याची साय कोटिंगवर बसते आणि पाणी घरंगळणं मंदावतं. कपड्यांची पावडर बिलकुल नको, तिच्यात सोडा असतो. भांड्यांच्या लिक्विडने कोटिंग निघत नाही, पण त्यात घसरणपणा नसतो. वाळूचा कण ग्लव्हखाली सरकायच्या ऐवजी घासला जातो.

चाकं सगळ्यात आधी. त्यासाठी तिसरी, जुनी बादली आणि वेगळा ब्रश. ब्रेकची भुकटी म्हणजे लोखंडाचे कण, ते बॉडीच्या ग्लव्हला कधीच लागता कामा नयेत. काही वॉशिंग सेंटरवर अलॉय चकाचक करायला टॉयलेट क्लीनर मारतात. ते हायड्रोक्लोरिक आम्ल आहे. अलॉयवरचा लाखेचा थर आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातं. पहिल्या दिवशी चाक नवं दिसतं, सहा महिन्यांत पांढरे फोड येतात.

मग नुसत्या पाण्याने धूळ सोडवायची. प्रेशर वॉशर असेल तर ४० अंशांचं पांढरं नोझल, निदान एक फुटावरून. पीपीएफच्या (रंगावर चिकटवलेल्या पारदर्शक संरक्षक फिल्मच्या) कडा, सेन्सर आणि जिथे रंगाचा टवका गेलाय तिथे धार तिरकी आणि लांबून. मडगार्डच्या आतला चिखल आत्ताच काढायचा, नाहीतर शेवटी तो पुसलेल्या दारावर गळतो. यानंतर फोम. फोम लान्सच्या (प्रेशर वॉशरला लावायच्या फेस करणाऱ्या तोटीच्या) १ लिटरच्या बाटलीत ५० ते १०० मिली शॅम्पू, बाकी पाणी. खालून वर मारला तर खालच्या जास्त मळलेल्या भागाला जास्त वेळ मिळतो. तीन ते पाच मिनिटं राहू द्या, पण वाळू देऊ नका. वारा असेल तर तीन मिनिटंही जास्त होतात. मग वरून खाली धुऊन टाका. चांगल्या कोटिंगवर निम्म्याहून अधिक घाण इथेच, हात न लावता निघालेली असते, आणि आठवड्याची साधी धूळ असेल तर बऱ्याचदा इथेच थांबून पुसायला घेता येतं.

हात लावायचाच तर लांब धाग्यांचा मायक्रोफायबर ग्लव्ह. स्पंज नको, तो कण पृष्ठभागावर धरून ठेवतो. रूफ, काचा, बोनेट, डिकीची वरची बाजू, दारांचा वरचा अर्धा, आणि सगळ्यात शेवटी दारांखालची पट्टी व मागचा बंपर. गोल गोल नाही, सरळ रेषेत. ग्लव्हच्या वजनाइतकाच दाब. एक पॅनल झालं की ग्लव्ह आधी साध्या पाण्याच्या बादलीत जाळीवर घोळवायचा, पिळायचा, मग शॅम्पूत. साध्या पाण्याच्या बादलीचा तळ शेवटी बघा. तिथली वाळू एरवी रंगावर फिरली असती.

शेवटचं धुणं प्रेशरने करत नाही. नळीचं तोंड मोकळं करून पाणी रूफवर शांत सोडायचं. ते चादरीसारखं सरकतं आणि स्वतःबरोबर उरलेले थेंब ओढून नेतं. प्रेशरचा फवारा उलट लाखभर बारीक थेंब करून ठेवतो. बोअरचं पाणी असेल तर यानंतर एसीचं किंवा पावसाचं पाणी फवारणीच्या हातपंपातून सगळीकडे मारायचं. नर्सरीत किंवा शेती सेवा केंद्रात मिळतो तो ५ लिटरचा पंप चांगला चालतो. मात्र नवा घ्या. तणनाशक भरलेला जुना पंप गाडीला लावू नका.

पुसायला पीळ दिलेल्या धाग्यांचा जाड टॉवेल, ८०० जीएसएमच्या (चौरस मीटरमागे ग्रॅम) वरचा. पूर्ण उलगडून बोनेटवर अंथरायचा आणि दोन कोपरे धरून आपल्याकडे ओढायचा. घासायचं नाही. आरसे, दाराची हँडल, पेट्रोलचं झाकण, टेललॅम्पच्या फटी इथून पाणी पाच मिनिटांनी पुन्हा ओघळतं. छोटा ब्लोअर असेल तर तिथे मारा, नसेल तर दारं उघडझाप करून दुसरा छोटा टॉवेल फिरवा. शॅमीचा (चामड्यासारख्या गुळगुळीत फडक्याचा) तुकडा कोटिंगवर वापरू नये. त्याला धागेच नसतात, त्यामुळे राहिलेला एक कण पूर्ण पॅनलभर फिरतो.

ज्यांच्याकडे नळी लावायची सोयच नाही, त्यांना रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाण्याने धुवावं न लागणारं द्रावण, हा खरा पर्याय आहे. प्रमाण बहुतेक १ ला २५६, म्हणजे १० लिटरला साधारण ४० मिली. पाणी १०-१२ लिटरच लागतं, म्हणून ते चांगलं आणता येतं. सहा-आठ मायक्रोफायबर त्यात भिजवून ठेवायचे, पॅनलवर तेच द्रावण फवारून दोन मिनिटं थांबायचं, फडक्याची एक घडी एकदाच वापरायची आणि मळलेलं फडकं पुन्हा बादलीत टाकायचं नाही. चिखल थापलेल्या गाडीला मात्र ही पद्धत नाही.

रोजच्या पुसण्याचं काय करायचं, हा नाजूक प्रश्न. धूळ नुसती बसून राहिली तर काही बिघडत नाही, बिघडतं ते पुसल्यावर. पण गाड्या पुसणाऱ्याचे पैसे तोडणं बरं दिसत नाही, आणि गरजही नाही. "भाऊ, पैसे तेवढेच देतो, पण बॉडीला फडकं लावू नका. काचा, आरसे, चाकं आणि मॅट तेवढे करा," असं स्पष्ट सांगितलं तर ऐकतात. काचांसाठी दोन फडकी आपणच द्यावीत. मेणाच्या धाग्यांचा डस्टर आणि फडफडणारं कव्हर या दोन्हींच्या आम्ही विरोधात आहोत. कव्हर धुळीच्या गाडीवर घातलं आणि वारा सुटला की ते दिवसभर पॉलिश पेपरचं काम करतं.

तातडीने काढायच्या गोष्टी तीन. पक्ष्यांची विष्ठा: उन्हात क्लिअर कोट तापून फुगतो आणि गार होताना विष्ठेभोवती आवळतो, त्यामुळे खड्डा पडतो. मे महिन्यात दुपारचे काही तासही पुरे होतात. ओलं फडकं दोन-तीन मिनिटं वर ठेवून द्या, मग उचलून घ्या. वड-पिंपळाखाली गाडी असेल तर त्यात बारीक बिया असतात, म्हणून चोळणं वर्ज्य. डिकीत अर्धा लिटरची फवाऱ्याची बाटली आणि तीन-चार जुनी मायक्रोफायबर कायम ठेवा.

दुसरी, तळघरातल्या पार्किंगमधली गळती. स्लॅबच्या भेगेतून झिरपणारं पाणी सिमेंटमधला चुना घेऊन येतं, ते जबरदस्त अल्कलीधर्मी असतं. पांढरा ओघळ बोनेटवर एकदा सुकला की कोटिंग आणि त्याखालचा क्लिअर कोट दोन्ही कोरले जातात. डाग दिसताच भरपूर पाणी, नंतर व्हिनेगर. पण गाडीची जागा बदलल्याशिवाय उपयोग नाही. सोसायटीला अर्ज केल्यावर वॉटरप्रूफिंग होईपर्यंत किती काळ जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तिसरी, कोकणातून परत आल्यावरची लाल माती, खारी हवा आणि रात्रीच्या प्रवासात पुढच्या बंपरवर चिकटलेले किडे. दोन दिवसांच्या आत धुवा. किड्यांवर ओलं फडकं दहा मिनिटं, मग फोम. डांबराचे ठिपके शॅम्पूने निघत नाहीत, त्याला टार रिमूव्हर थोडासा कापडावर घेऊन.

दसऱ्याची पूजा होणारच. हळदकुंकू रंगावर न लावता काचेच्या कडेला किंवा नंबर प्लेटवर लावा, आणि बोनेटवर स्वस्तिक काढलाच तर संध्याकाळपर्यंत धुऊन टाका. पांढऱ्या गाडीवर हळदीचा पिवळा डाग फिकट उरला तर उन्हाने तो कमी होतो. झेंडूचा हार तारेने न बांधता सुती दोऱ्याने बांधा आणि हायवेला लागण्याआधी काढा, नाहीतर तो ग्रिलवर फडफडत राहतो. रंगपंचमीचा कोरडा रंग किंवा विसर्जनाचा गुलाल आधी पाण्याच्या धारेने, मग फोमने. कोरडा पुसायचा नाही.

पाण्याचे ठिपके पडलेच तर आधी साधं धुऊन बघा. राहिले तर किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि कमी क्षाराचं पाणी समप्रमाणात. गाडी सावलीत, थंड. फडकं भिजवून ठिपक्यांवर एक-दोन मिनिटं अंथरा, हलकं फिरवा, लगेच धुवा आणि शॅम्पू मारा. आधी कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर करून बघा, क्रोमला लावू नका. दोनदा करूनही ठिपक्याची कडा दिसत असेल तर तो आता क्षार राहिला नाही, खड्डा आहे. तिथे मशीन पॉलिश लागतं, आणि मशीनखाली एक-दोन मायक्रॉनचं कोटिंग टिकत नाही, ते पॅनल पुन्हा कोट करावं लागतं.

वर्षभरात कधीतरी पाणी घरंगळणं बंद होतं आणि मालक म्हणतो, कोटिंग गेलं. बहुतेक वेळा ते गेलेलं नसतं, बुजलेलं असतं. आधी कडक प्रमाणात शॅम्पू. मग आयर्न रिमूव्हर: फवारल्यावर लोखंडाच्या कणांशी जांभळा होतो, वास कुजक्या अंड्यासारखा, चार-पाच मिनिटांत वाळण्याआधी धुवायचा, हातमोजे घालायचे. वर्षातून दोनदा पुरे. रेल्वेमार्गाशेजारी किंवा एमआयडीसीत गाडी उभी असेल तर तीनदा. त्यानंतर वरचं व्हिनेगर. या तिन्हींनंतरही बोनेटवर पाणी पसरून बसत असेल आणि दारांवर घरंगळत असेल, तर बोनेट-रूफवरचं झिजलंय असं समजा. ऊन तिथेच जास्त बसतं.

दोन-तीन महिन्यांनी सिलिकाचा स्प्रे मारतो. पॅनलला दोन फवारे, एका फडक्याने पसरवायचं, दुसऱ्या कोरड्याने उचलायचं. जास्त मारलं तर तेलकट पट्टे राहतात आणि त्यावर धूळ बसते. चमक वाढली म्हणून दर आठवड्याला मारणारे लोक शेवटी हाच बुजलेपणा घरी तयार करतात.

फडकी धुताना कम्फर्टसारखं सॉफ्टनर नको, ते धाग्यांवर थर चढवतं आणि पाणी शोषणं बंद होतं. सुती कपड्यांबरोबर मशीनला टाकू नका, लिंट धरतं. लिक्विड डिटर्जंट, ४० अंशांच्या आतलं पाणी, सावलीत वाळवणं, इस्त्री अजिबात नाही. जमिनीवर पडलेलं फडकं त्या क्षणापासून चाकांचं.

वॉरंटीसाठी सहा महिन्यांनी किंवा वर्षाने स्टुडिओत तपासणी असते. पावती आणि तारखा जपून ठेवा, कारण एक तपासणी चुकली तर वॉरंटी रद्द धरतात. तिथे आधीच विचारा की नक्की काय करणार. धुणं, आयर्न रिमूव्हर आणि वरचा स्प्रे, एवढं उत्तर आलं तर ठीक. "हलकं पॉलिश मारून देतो" असं म्हणाले तर कुठल्या पॅनलवर आणि त्यानंतर तिथे पुन्हा कोटिंग देणार का, हे लिहून घ्या.